टाचेचा चुना

दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेत इस्माईल बागवान विचारतो,
"जन्मभर सामने बघलालास बे, सगळ्यात भारी काय बघितलास?"
आणि मी दरवर्षी त्र्याऐंशीचं सांगतो.
रात्रपाळी होती. सुताच्या पेटीवर मुकादमाचा रेडिओ.
शेवटचा गडी पडला आणि अठ्ठेचाळीस माग एकदम थांबले.
संप नव्हता, लाईट गेलेली नव्हती,
माणसांनी हातानं थांबवले.
तेव्हा मला पहिल्यांदा कळलं,
माग थांबला तरी माझ्या कानात तो चालूच असतो.

इस्माईल खूश होतो. मग त्याची पाळी:
पार्कावर रणजीचा सामना, दोरीबाहेर आलेला चेंडू
त्यानं अडवला आणि थेट यष्टिरक्षकाच्या हातात दिला.
ती फेक दरवर्षी दहा पावलं लांब होते.
मी काही बोलत नाही. चहा तो पाजतो.

खरं वेगळंच आहे.

अशोक चौकामागं शाळेचं मैदान,
बांबूवर बांधलेले चार पिवळे दिवे,
आपल्या पोरी आणि सांगलीच्या पोरी.
शेवटची पळती भाग्यलक्ष्मी क्यातम,
आई विड्या वळायची, पोरगी वाऱ्याला वळण द्यायची.
वीस सेकंद. एवढी टिकली की ढाल आपली.
मागं बसलेली बाई तेलुगूत ओरडत होती, शेजारचा कानडीत,
मला दोन्ही सारखंच, नुसते ओठ.

मी खाली बसलेलो, रेषेला गुडघा लावून,
तळहातावर तंबाखू, अंगठ्यावर चुना.
ती खांबाकडून आली, खाली वाकली, हुलकावणी दिली,
सांगलीचा हात तिच्या वेणीजवळून रिकामा गेला.
आणि तिच्या दोन्ही टाचा
माझ्या गुडघ्याएवढ्या अंतरावर
रेषेच्या पलीकडं टेकल्या.
पंच तिकडं बघत होते.
मी बघितलं.
फक्त मी.
मी तंबाखू तोंडात टाकली
आणि तोंड बंद ठेवलं.

शिट्टी झाली म्हणे. माणसं उठली,
फळकुटाचा बाक माझ्या पाठीला थरथरून सांगत होता.
कुणीतरी गुलाल उधळला, कुणाच्या तरी टोप्या वर.
तेवढ्यात त्या पोरीनं हात वर केला.
पंचाजवळ गेली. पायाकडं बोट दाखवलं,
मग वळून रेषेकडं.
टाच उचलून दाखवली,
बाहेरच्या मातीनं लाल,
मधे चुन्याची एक पांढरी शीर.

ढाल सांगलीला गेली.
बाकाची थरथर थांबली.
ते थांबणं मी कानांनी नाही, मणक्यानं ऐकलं.
मग मी टाळी वाजवली.
पहिली टाळी माझीच, असं मी मनात धरून आहे.
मला ऐकू येत नाही,
म्हणून ते खोटं आहे हेही मला कळत नाही.

इस्माईलला हे सांगता येत नाही.
सांगायला घेतलं तर मधली तंबाखूही सांगावी लागेल.
दुसऱ्याच्या पोरीचा अभिमान, स्वतःची लाज,
एकाच माणसाच्या बंडीच्या दोन खिशांत,
कुठला कुठल्या खिशात, अजून चाचपतो.

भाग्यलक्ष्मी आता एसटीत वाहक आहे, अक्कलकोट गाडीवर.
केस पिकलेत. पिशवी तिरकी, पाय अजून मोकळे,
गाडी वळली तरी कशाला धरत नाही.
कधीकधी काम नसताना मी कुंभारीपर्यंत जातो.
ओळख देत नाही. काय देणार?
परवा तिनं माझ्या पांढऱ्या दाढीकडं बघून
अर्ध्या तिकिटासाठी वय विचारलं.
तिच्या ओठांवरून मी प्रश्न ओळखला.
खिडकीबाहेर विडी घरकुलांच्या रांगा सरकत होत्या.
"चौसष्ट," म्हणालो,
आणि पूर्ण तिकिटाचे पैसे
मोजून तिच्या हातावर ठेवले.